रिकाम्या गाडीचं वजन

सावद्याच्या भुईकाट्यावर अकरा वर्षं
मी पावत्या फाडते.
भरलेली ट्रॉली येते, आकडा लिहिते.
केळी उतरवून तीच रिकामी परत येते,
आकडा लिहिते, वजा करते.
उरतं ते केळीचं.
बाकी लोखंड, डिझेल, चिखल,
ड्रायव्हरच्या सीटखालची चप्पल.

खिडकीबाहेर बाकडं आहे.
नंबर लागेस्तोवर माणसं बोलत बसतात,
आणि मला सवयच लागली
बोलण्यातूनही रिकामी गाडी वजा करायची.

दौलत वारके म्हणतात, "खांबाले लिंबू-मिरची बांधली
अन् तिसऱ्या दिशी भाव चढला, बो."
आधीच्या सोमवारीही बांधली होती की, तेव्हा?
"तवा लिंबू शिळं होतं."

नारखेडे गुरुजींना नातीची काळजी.
आज स्कूटी दिली की उद्या ती फैजपूर,
परवा पुणे,
तेरवा तिच्या लग्नाची पत्रिका पोस्टानं आपल्याच घरी.
स्कूटीत पेट्रोल एक लिटर.

मी हसते. कार्बन पेपर सरळ करते.

सुपडू हमाल. सकाळी नऊलाच तोंडाला वास.
खिडकीशी येऊन म्हणाला,
"ताई, भरल्या गाडीचं मागचं चाक चढलं
का काटा अडून राह्यला. माल कमी दाखवते."
बाकडं फुटलं हसून.
"याले सोताचं वजन पेलवत नाही,
अन् हा काट्याचं सांगते!"
"तुही बायको माहेरी गेली ते बी काट्यामुळंच का रे?"
कुणी शिक्क्याकडं बोट केलं:
सरकारी आहे, मागच्याच चैत्रातला.

पुरावा काय, मी विचारलं.
"मह्या पाठीले माहीत हाये.
खोटं बोलत असन तं जीभ झडो."

पाठ म्हणजे पुरावा नव्हे.
शपथेला वजन नसतं.
असं काहीतरी बोलले मी,
आणि दुपारचा डबा फार चवीनं खाल्ला.

वैशाखात मेलेल्या उंदराचा वास सुटला
म्हणून काट्याची प्लेट उचलली.
खाली, मागच्या कोपऱ्यात,
कवठाएवढा दगड.
रिकामी गाडी त्याला शिवत नव्हती.
भरलेली त्याच्यावर टेकायची,
आणि थोडं ओझं तो आपल्या अंगावर घ्यायचा
मुकाट,
हमालासारखा.

शेठ म्हणाले, कोणत्या काट्याखाली दगड नाही ते दाखवा.
मग म्हणाले, तुम्हाला एवढीच चाड तर
अकरा वर्षं पगार कसा घेतलात?
उत्तर दोन्हीला होतं.
दुसऱ्याचं मी अजून शोधतेय.

त्या रात्री हिशेब पुन्हा मांडला, पावत्यांचा नाही,
सुपडूच्या बोलण्याचा.
मी त्यातून दारू वजा केली होती.
बायको बाकड्यानं वजा केली.
पाठ गेली, शपथ गेली,
आणि गाडी रिकामी करता करता
केळीही गाडीतच मोजून
परत पाठवली.

आता बाकडं सुपडूलाच विचारतं
पाऊस कधी, रोपं कुठली,
रावेरचं स्थळ कसं वाटतं.
तो सांगतो. जांभई देत सांगतो.
माना हलतात.
वारके तर वहीत लिहून घेतात.
त्याच्या तोंडाला अजून तोच वास,
फक्त आता तो कुणाला येत नाही.

परवा म्हणाला, "ताई, पंधरवड्यात तापीले पूर येते, पाहा."
कशावरून?
"काट्याचं खरं निघालं का नाही?"

मी आकाशाकडं पाहिलं.
येईलही पूर.
त्याचं कारण चुकलंय, एवढंच मला माहीत,
आणि कारण चुकलं म्हणून पूर थांबत नाही
हेही आता माहीत.

दगड टाकला नाही मी.
पावत्यांवर ठेवलाय.
पंखा सुरू झाला की कागद त्याच्याखाली फडफडतात.
नवी माणसं विचारतात, एवढा मोठा कशाला?
वजनाला, म्हणते.